कायमचा पत्ता

मंडलगोवीला डिसेंबरात हवा इतकी कोरडी होते
की दिवे मालवल्यावर वसतिगृहात
मुली लोकरीचे स्वेटर डोक्यावरून ओढतात
आणि अंधारात निळं काहीतरी चटचटतं.
नववीच्या मुली त्याला पिसवा म्हणतात.
"बाई, काल मला सात चावल्या."

फळ्यावर लिहिलं: स्थिर प्रभार.
खडू मधेच मोडला. बाहेर उणे एकतीस.

काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी,
प्लास्टिकच्या झाकणातून उतरलेली तांब्याची तार,
तारेच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या.
शाळेकडे एवढंच उपकरण.
पायातल्या लोकरीच्या बुटावर कंगवा घासला, तारेला टेकवला.
पट्ट्या फाकल्या
आणि एकमेकींकडे पाठ करून
तशाच राहिल्या.

खोंगोरझुलने हात वर केला.
तिच्या घरी उंट आहेत.
वर्षातून पाच वेळा अख्खं घर उंटांवर चढतं,
चूल, दार, आजोबांची खुर्ची, सगळं.
"बाई, स्थिर म्हणजे ते हलतच नाहीत?"

पुस्तकात दीड ओळ आहे:
निरीक्षकाच्या दृष्टीने
ज्याची जागा काळानुसार बदलत नाही, तो.
मी वाचून दाखवली.
तिने वहीत उतरवली नाही.

मग म्हणाले, हे बघ,
आतले इलेक्ट्रॉन थरथरत असतातच, या थंडीतसुद्धा.
बाजारात माणसं इकडून तिकडे जातात
म्हणून गाव कुठे निघालेलं नसतं.
कंगवा टेकला तेव्हा मात्र ते धावले,
एकमेकांना नकोसे, एकमेकांना ढकलत,
जितकं लांब जाता येईल तितकं, पार कडेपर्यंत.
आता पुढे जागा नाही.
ढकलणं अजून चालूच आहे,
फक्त कुणाचं कुणावर चालत नाही.
या अवस्थेला आपण स्थिर म्हणतो.

आणि समज, आत्ता तुझे बाबा
मोटारसायकलवरून या खिडकीसमोरून गेले.
त्यांना हा कंगवा मागे पळताना दिसेल.
त्यांच्या हिशेबी हा प्रवाह झाला,
होकायंत्राच्या सुईला कळणार नाही इतका बारीक,
पण प्रवाहच.

"म्हणजे बाबा जागेवर, आणि शाळा पळते?"
वर्ग खिदळला.
मला हसता आलं नाही, तिचं बरोबर होतं.

शुक्रवारी वसतिगृहाचे फॉर्म आले.
'कायमचा पत्ता' या रकान्यात तिचं वळणदार अक्षर:
काळ्या टेकडीची दक्षिण बाजू, वाऱ्याआड.
त्याखाली: पुढचं गवतावर अवलंबून.
कारकून म्हणाला, परत भरून आणायला सांगा.
मी तिथेच सही करून टाकली.

माझा पत्ता एकोणीस वर्षं तोच.
इमारत चार, दार अकरा.
पायाला भिंगरी होती ती धाकटीच्या, उयांगाच्या,
ती सोलला गेली, तिथे कोरियन म्हाताऱ्यांना आंघोळी घालते.
आई गेली तेव्हा दोघी
एकाच गोष्टीने भरलो, काठोकाठ, अगदी सारख्याच.
तेव्हापासून फोन नाही.
लोकांना वाटतं भांडण असेल.
भांडायला काहीतरी वेगळं असावं लागतं.

सोमवारी वर्ग उघडला.
रविवारी कुणीतरी इथे चहा केला होता,
काचांवर वाफेचा बर्फ, टेबलावर दुधाचा डाग.
बरणीतल्या पट्ट्या खाली आलेल्या,
जवळजवळ टेकलेल्या.
कोण, कधी, किती घेऊन गेलं
याची नोंद कुठेच नाही.
दोन दिवस नुसत्या बघत बसलं असतं
तरी हललेल्या दिसल्या नसत्या.

खोंगोरझुल बरणीला नाक लावून बघत होती.
श्वासाने काच धुरकटली, तिने बाहीने पुसली.

"उठले वाटतं, बाई," ती म्हणाली,
"गवत संपलं असेल."